आईचा आमवात, मुलीचं रक्त

रुमेटॉइड आर्थ्रायटिसला आपल्याकडे आमवात म्हणतात. सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत, बोटांची पेरं आणि मनगटं सुजतात, आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर सांधे झिजून वाकडे होतात. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, त्याचा हा परिणाम. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो, त्यामुळे आईला झाला की घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता मुलीलाही होणार का? या प्रश्नावर जनुक-तपासणीचं उत्तर हल्ली विकत मिळू लागलं आहे, म्हणून हा संवाद. यातल्या दोघी मी कल्पिलेल्या आहेत. मावशी इचलकरंजीत संधिवाताचे रुग्ण तपासते, भाची पुण्यात जनुकशास्त्राचं संशोधन करते. त्यांच्या तोंडचं शास्त्र मात्र कल्पित नाही, आणि त्यांचं भांडणही.

मावशी: काल एक बाई आल्या होत्या. यंत्रमागावर कांडी भरतात, आमवात जुना. सोबत मुलगी, पंचविशीच्या आतली, ठणठणीत. तिच्या मोबाइलवर जनुक-तपासणीची जाहिरात. “मॅडम, ही टेस्ट करून घेऊ का?” मी म्हटलं, अजिबात नको. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

भाची: आधी विचारलं असतं की तुला नेमकं काय कळून घ्यायचंय. एकदम नको म्हणणं मला पटत नाही, मावशी. आजार आनुवंशिक आहे, याबद्दल तरी आपला वाद नाही ना?

मावशी: आनुवंशिक म्हणजे किती, यावर आहे. १९९३ साली ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण निघालं १५ टक्के. जनुकं तीच, तरी शंभरातले पंच्याऐंशी सुटले. मग जिने आईची निम्मीच जनुकं घेतली आहेत, तिला मी काय सांगू?

भाची: त्याच अभ्यासात वेगवेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांमध्ये ते प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली होतं, ते तू सांगत नाहीस. एकाच घरात, एकाच वेळी वाढलेली भावंडंच ना तीही? पंधरा आणि चार यांतली तफावत जनुकांचीच आहे. पुढे ब्रिटन आणि फिनलंडच्या जुळ्यांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ६० टक्के काढला गेला.

मावशी: हा साठचा आकडा फार छळतो बघ. वाचणारी मुलगी समजते, मला होण्याची शक्यता साठ टक्के.

भाची: तसा त्याचा अर्थच नाही. एखाद्या समाजात कुणाला आजार होतो, कुणाला होत नाही. या फरकाचा किती भाग जनुकांच्या फरकातून येतो, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या माणसाला तो लागू होत नाही. त्या मुलीला सांगायचा आकडा दुसरा आहे. स्वीडनच्या नोंदींवरून दिसतं की आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला आमवात असेल तर धोका साधारण तिप्पट होतो.

मावशी: आणि मूळ धोका? भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. हजारात पाच. आयुष्यभराचा धोका म्हणून मी तो दुप्पट धरते, वर तिप्पट करते. हजारात तीस झाले. म्हणजे आमवात असलेल्या आयांच्या हजार मुलींपैकी साडेनऊशेच्या वर मुलींना तो कधीच होणार नाही. हे सांगायला मला कुणाच्या रक्ताची नळी लागत नाही.

भाची: पण ते तीस कोण, हे तुला सांगता येत नाही.

मावशी: तुला येतं?

भाची: अजून नाही. पण त्या तिसांच्या शरीरात काय बिघडतं, हे आम्हाला जनुकांमुळेच कळलं. १९७८ साली डॅलसच्या पीटर स्टॅस्टनी यांनी दाखवलं की आमवाताच्या रुग्णांत डीआर४ हा एचएलए प्रकार निरोगी लोकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. गंमत अशी की काही समाजांत रुग्णांकडे डीआर४ नव्हताच. कुठे डीआर१ सापडे, कुठे डीआर१०. कोडं सुटलं १९८७ मध्ये. ग्रेगर्सन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी हे सगळे प्रकार शेजारी ठेवून पाहिले. एचएलए-डीआर प्रथिनाच्या साखळीत ७० ते ७४ या जागांवरची पाच अमिनो आम्लं सगळ्यांत जवळजवळ सारखी होती. नावं वेगळी, पण तो छोटा तुकडा सामाईक. त्याला ते ‘शेअर्ड एपिटोप’ म्हणाले.

मावशी: हे आम्हीही एमडीला पाठ केलं होतं. पाच अमिनो आम्लांनी सांधा का सुजावा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

भाची: ते आता सांगता येतं, आणि माझ्या विषयातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. एचएलए हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. त्याला एक खाच असते. त्या खाचेत दुसऱ्या प्रथिनाचा बारीक तुकडा धरून ते टी-पेशीला दाखवतं, आणि टी-पेशी ठरवते हा आपला की परका. शेअर्ड एपिटोप असलेल्यांच्या खाचेत एका जागी धन विद्युतभार असतो. आर्जिनिन या अमिनो आम्लावरही धन भार. दोन्ही धन, म्हणून आर्जिनिनचा तुकडा तिथे बसत नाही, ढकलला जातो. पण शरीरात पीएडी नावाची विकरं आहेत, ती आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. सिट्रुलिनवर भार नाही. तोच तुकडा आता खाचेत नीट बसतो, टी-पेशीला पहिल्यांदाच दिसतो, आणि ती त्याला परका ठरवते. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये या रेणूंची स्फटिकरचना काढून तो कसा बसतो ते प्रत्यक्ष दाखवलं. तू रोज जी अँटी-सीसीपी तपासणी लिहून देतेस, ती याच सिट्रुलिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची.

मावशी: हे मी मनापासून मानते. ज्यांची अँटी-सीसीपी नकारात्मक येते त्यांच्यात या शेअर्ड एपिटोपचा धागा बराच सैल असतो, आणि त्यांचा आजार थोडा वेगळ्या वळणाने जातो, तेही या गोष्टीमुळे उमगतं. पण बाळा, कारण समजणं आणि भविष्य सांगणं यांत अंतर आहे. तुमच्याच लोकांचे आकडे घेऊन मी हिशोब करते. युरोपीय वंशाच्या निरोगी लोकांत दर दहांतल्या साधारण चौघांकडे शेअर्ड एपिटोपची निदान एक प्रत असते. म्हणजे हजारात चारशे. त्या हजारात आमवात होणार दहाजणांना. त्यातले सात-आठ या चारशेंमधले धरू. चारशेंना भीती घातली, आजार आठांना. उरलेल्या तीनशे ब्याण्णवांची झोप कोण परत देणार?

भाची: एका जनुकावर कुणी थांबत नाही आता. २०१४ मध्ये ओकाडा आणि सहकाऱ्यांनी लाखावर लोकांची जनुकं पाहून १०१ जागा दाखवल्या. २०२२ च्या अभ्यासात त्या १२४ झाल्या. सगळ्या मिळून गुण काढला तर अंदाज सुधारतो.

मावशी: सुधारतो, पण दवाखान्यात वापरण्याइतका?

भाची: निरोगी माणसाला वापरण्याइतका नाही. सुजलेले सांधे घेऊन पहिल्यांदा आलेल्या रुग्णाला मात्र उपयोग होऊ शकतो. तिथे प्रश्न असतो, हा आमवात, की गाउट, की सोरायसिसचा, की ल्युपस. २०२० मध्ये हीच कल्पना मांडून दाखवली गेली: पहिल्या भेटीतच जनुकीय गुणांनी निदानांची क्रमवारी लावायची. आणि २०१५ मध्ये ब्रिटिश रुग्णांवरच्या कामातून दिसलं की एचएलए-डीआरच्या त्या साखळीत (डीआरबी१) अकराव्या जागेवर व्हॅलिन हे अमिनो आम्ल असलेल्यांचे सांधे एक्स-रेवर जास्त खराब होतात. कुणावर लवकर जोराचा उपचार करायचा, हे ठरवायला ते कामाचं नाही?

मावशी: मी तर सगळ्यांवरच लवकर आणि नीट उपचार करते. सांधा दुखतोय, अँटी-सीसीपी जोरात आहे, तर व्हॅलिन असो-नसो, मेथोट्रेक्सेट सुरू. आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिडच्या जोडीने. ही गोळी काही बायका चुकून रोज घेतात आणि जिवावर बेतून येतात. मला त्यांची काळजी तुझ्या व्हॅलिनपेक्षा जास्त आहे.

भाची: बरं, मग तुझ्याच अंगणातलं बोलू. धूम्रपान. स्वीडनमध्ये रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना करणारा मोठा प्रकल्प चालतो. क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ मध्ये त्यातून काढलं की शेअर्ड एपिटोपच्या दोन प्रती असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्याला सिट्रुलिन-प्रतिपिंडांचा आमवात होण्याचा धोका, एकही प्रत नसलेल्या आणि न ओढणाऱ्याच्या २१ पट. धुराने फुप्फुसात दाह होतो, तिथे सिट्रुलिन तयार होतं, आणि ते पकडणारी खाच जन्मापासून हजर असते. जनुक एकटं नाही, धूर एकटा नाही. दोन्ही एकत्र आले की गुणाकार होतो.

मावशी: आता तू माझ्या बाजूला आलीस. त्या गुणाकारातली जनुकाची संख्या मला बदलता येते का? नाही. धुराची येते. मग जनुक न बघताच सांगते, विडी-सिगारेट सोडा.

भाची: आणि तुझ्याकडच्या बायका किती विड्या ओढतात?

मावशी: फारशा नाहीत. मशेरी लावतात.

भाची: स्वीडिश लोक ओठाखाली ओली तपकीर ठेवतात. त्यांच्यात आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे दोष बहुधा तंबाखूतल्या निकोटिनचा नाही, धुराचा आहे. मग न ओढणाऱ्या बाईच्या फुप्फुसात दाह कशाने होतो, हे शोधायला हवं. मलेशियात शोधलं. कापडाच्या धुळीत काम केलेल्या बायकांमध्ये आमवाताचा धोका वाढलेला आढळला, आणि शेअर्ड एपिटोप असेल तर आणखी वाढलेला. २०१६ चं काम आहे.

मावशी: (थोडं थांबून) कापडाची धूळ.

भाची: तुझं गाव इचलकरंजी, मावशी.

मावशी: हो. सायझिंग, वहिफणी, कांडी. कालची ती बाई रोज सूत आणि धूळ यांतच बसते. मी तिला पाळीचं विचारलं, बाळंतपणं विचारली, दातांचं विचारलं. कामाचं विचारते ते बोटांना ताण किती पडतो हे बघायला. नाका-तोंडात काय जातं म्हणून कधी विचारलं नाही. सिलिकाच्या धुळीचं माहीत होतं; १९५३ मध्ये कॅप्लननी वेल्सच्या खाणकामगारांत आमवात आणि फुप्फुसातल्या गाठी एकत्र पाहिल्या होत्या. सुताचं डोक्यात आलं नव्हतं.

भाची: आणि हा दुवा घट्ट झाला तो त्या बायकांची जनुकंही पाहिली म्हणून.

मावशी: मान्य. पण त्यातून निघणारं काम कोणतं? मास्क, हवा खेळती ठेवणं, धूळ ओढून घेणारे पंखे. मुलीच्या रक्ताची तपासणी नव्हे. त्या टेस्टचा कागद तुमच्या युरोपीय आकड्यांवर बेतलेला असणार, हे तरी कबूल कर.

भाची: हे मात्र शंभर टक्के कबूल, आणि याचाच मला सर्वांत राग येतो. पीटीपीएन२२ नावाचं जनुक बघ. एचएलए सोडून युरोपीय लोकांत सगळ्यात जोरदार धोका त्याच्या एका बदलाने येतो. तो बदल पूर्व आशियात जवळपास नाहीच, भारतात अगदी विरळ. उलट पीएडीआय४, म्हणजे सिट्रुलिन बनवणाऱ्या विकराचंच जनुक, ते २००३ मध्ये जपानी रुग्णांमध्ये सापडलं. दिल्ली विद्यापीठात बी. के. थेल्मा यांच्या गटाने उत्तर भारतीय रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला, आणि २०१३ मध्ये एआरएल१५ हे नवं जनुक पुढे आणलं. युरोपात सापडलेल्या कितीतरी जागा त्यांच्याकडे जुळल्याच नाहीत. आता २०२२ च्या त्या मोठ्या अभ्यासाकडे बघ. रुग्ण ३५,८७१. त्यात दक्षिण आशियाई किती? ९८६. शंभरात तीनही नाहीत. जगातला दर चौथा माणूस आपल्या उपखंडातला असताना!

मावशी: मग कुठल्या तोंडाने ती कंपनी इचलकरंजीच्या मुलीला टक्केवारी छापून देते?

भाची: देऊ नये. पण म्हणून तपासणीच वाईट असं तू म्हणतेस, आणि मी म्हणते आपल्या लोकांचा अभ्यासच नाही हे वाईट. जीनोम इंडिया प्रकल्पातून दहा हजार भारतीयांचे जनुकसंच आता संशोधकांना मिळू लागले आहेत. ती निरोगी माणसं आहेत, म्हणजे तुलनेची एक बाजू तयार झाली. दुसरी बाजू तुझ्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसली आहे. तुझ्यासारख्या डॉक्टरांनी रुग्णांना दारातूनच परत पाठवलं तर ते ९८६ पुढच्या वेळीही ९८६ राहतील.

मावशी: मी रुग्णांना परत पाठवत नाही. त्यांच्या मुलींना वाचवते. तुला लग्नाच्या बाजारातलं माहीत नाही. स्थळ बघायला आलेली माणसं आईच्या हाताकडे बघतात. वाकडी बोटं दिसली की घरी जाऊन पत्र पाठवतात, योग नाही म्हणून. आज बोटं बघतात, उद्या पत्रिकेतल्या मंगळासारखा एचएलए बघतील. आणि दोष लागणार तो आईच्या वंशाला. सासरी ऐकलंय मी, “तुझ्या माहेरचा वात आमच्या घरात आणलास.”

भाची: शास्त्र त्याच्या विरुद्ध बोलतं, मावशी. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्याची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आजार बायकांना जास्त होतो म्हणून आईकडून आल्यासारखा दिसतो. धोक्याची प्रत ठणठणीत बापाने दिलेली असू शकते, आणि त्याला कधी कळतही नाही.

मावशी: हे तू त्या सासूला सांगायला येशील?

भाची: येईन. पण लपवाछपवीनेही बायकाच मरतात. लग्न ठरेपर्यंत सकाळचा आखडलेपणा कुणाला सांगायचा नाही, लग्न झाल्यावर सासरी सांगायचा नाही, पहिल्या बाळंतपणानंतर सूज हाताबाहेर गेली की मग डॉक्टर. तोवर हाडं झिजलेली. तू ज्या शांततेला संरक्षण म्हणतेस, तिची किंमत सांध्यांनी मोजली जाते.

(इथे लिहिणाऱ्याला मध्ये बोलावंसं वाटतं. या एका मुद्द्यावर भाचीचं म्हणणं मला मावशीच्या म्हणण्यापेक्षा वजनदार वाटतं. आजार लपवून मुलीचं लग्न होतं, मुलीचा हात वाचत नाही.)

मावशी: लपवायला मी कधीच सांगत नाही. दुखतंय ते दाखवा, हेच रोज सांगते. दुखत नाही त्याची तपासणी नको, इतकंच. आता माझ्याही बाजूचं ऐक. उत्तर स्वीडनमध्ये उमेओला लोकांनी पूर्वी दिलेलं रक्त साठवून ठेवलं होतं. त्यातल्या काहींना पुढे आमवात झाला. जुनं रक्त काढून पाहिलं, तर सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी सिट्रुलिनविरुद्धची प्रतिपिंडं त्यात होती. म्हणजे आजार येतोय हे सांगणारी खूण आहे, आणि ती जनुकात नाही, प्रतिपिंडात आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये याच खुणेवर प्रयोग झाला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सांधे दुखणारी पण अजून न सुजलेली, प्रतिपिंडं असलेली २१३ माणसं. निम्म्यांना वर्षभर ॲबाटासेप्ट. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना आमवात, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना.

भाची: औषध थांबवल्यावर?

मावशी: सुरुवातीपासून दोन वर्षांनी २५ आणि ३७. अंतर बरंच मिटलं. आजार टळला असं म्हणता येत नाही, लांबला. पण निवड कशावर केली, ते बघ. दुखणं आणि प्रतिपिंडं. जनुक कुणी विचारलं नाही.

भाची: आणि ॲबाटासेप्ट काम कुठे करतं? टी-पेशीला दुसरा इशारा मिळू नये म्हणून. त्यात जे सीटीएलए४ हे प्रथिन वापरलंय, त्याचंच जनुक आमच्या आमवाताच्या यादीत आहे. टोसिलिझुमॅब हे आमवाताचं दुसरं औषध पेशीवरच्या ज्या ग्राहकाला अडवतं त्याचं जनुकही आहे.

मावशी: औषध आधी आलं, जनुकाचा दाखला नंतर.

भाची: या दोघांच्या बाबतीत हो. म्हणूनच तो दाखला महत्त्वाचा. यादी बरोबर चालली आहे हे त्यातून कळलं. तिच्यात अजून शंभर नावं आहेत ज्यांच्यावर औषध बनलेलं नाही. पुढचं औषध तिथून निघालं तर तूच ते लिहून देशील. माझं जनुक त्या मुलीचं भविष्य सांगायला नाही, मावशी. तिच्या आईच्या आजाराचं मूळ शोधायला आहे.

मावशी: मग हे त्या मुलीलाच सांग. आणि आईचं रक्त तुझ्या अभ्यासाला लागत असेल तर रीतसर संमतीचा कागद घेऊन ये, मराठीत लिहिलेला, त्या बाईला वाचून कळेल असा. नाव कुठे जाणार नाही, नमुना कशाला वापरणार, हे सगळं त्यात असू दे. मी स्वतः तिला समजावून सांगेन.

भाची: आणि धुळीची प्रश्नावली?

मावशी: तीही आण. कांडीवाल्यांना मीच विचारीन.

दोघींनी एकमेकींची सगळी मतं स्वीकारली नाहीत. पहिल्या भेटीत जनुकीय गुण वापरण्याबद्दल मावशीचा संशय कायम आहे, आणि भाचीला अजूनही वाटतं की दहा वर्षांत मावशीला तो सोडावा लागेल. माझा कौल असा: निरोगी मुलीसाठी आमवाताची जनुक-तपासणी आज विकत घेऊ नका. तिच्यातून मिळणारी टक्केवारी बहुतांश आपल्या लोकांवर तपासलेली नाही, आणि ती कळूनही करायचं तेच राहतं: धूर टाळायचा, हिरड्यांचा आजार अंगावर काढायचा नाही, सांध्यांकडे लक्ष ठेवायचं. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडून राहत असतील, पेरं किंवा मनगटं सुजत असतील, तर सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञाला दाखवा आणि औषध तीन महिन्यांच्या आत सुरू होईल असं बघा. युरोपातल्या तज्ज्ञांची शिफारसही हीच आहे. आणि तुम्ही स्वतः रुग्ण असाल, एखाद्या संशोधनासाठी रीतसर संमती घेऊन कुणी रक्ताचा नमुना मागितला, तर विचारायचं ते सगळं विचारून घ्या आणि मग द्या. पुढच्या मोठ्या अभ्यासात ९८६ हा आकडा वाढणार आहे तो त्यानेच.